चिऱ्याचा भरवसा, स्लॅबचा संशय

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठ संपते तिथे चढावर जुनी कचेरी आहे. आहे म्हणजे उभी आहे, कचेरी तिच्यात राहिलेली नाही. हायवेच्या कडेला नवं प्रशासकीय भवन झालं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळी मंडळी तिकडे गेली. इकडे उरलं ते मुद्रांकवाल्याचं बाकडं, 'चपला बाहेर काढाव्यात' अशी एक पाटी (कचेरीत चपला का काढायच्या हे कुणालाच कधी कळलं नाही) आणि दारातला रायवळ आंबा.

त्याच सुमारास गावच्या मराठी शाळेच्या सातपैकी चार खोल्या धोकादायक ठरल्या. त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव वर गेला. प्रस्ताव वरच आहे, मुलं खाली आहेत. दोन-दोन वर्ग एका खोलीत बसतात आणि एक वर्ग समाजमंदिरात. मग सभेत कुणीतरी उठून म्हणालं, कचेरी ओस पडलीय, तिथेच शाळा का भरवत नाही?

लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, ती कौलारू मढी पाडा आणि स्लॅबची तीनमजली शाळा बांधा. पुढचा भाग इंग्रजांच्या वेळचा, कधी अंगावर येईल नेम नाही. दुसरा म्हणतो, मे महिन्यात रंग मारा, बाकं टाका आणि पंधरा जूनला घंटा वाजवा. एवढा काथ्याकूट कशाला?

माझ्या मते कचेरीत शाळा करावी. पण हे दोन्ही तट चुकताहेत, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. दोघेही डोळ्यांवर विसंबले आहेत. जुनं दिसतं ते कच्चं, सपाट आणि रंगवलेलं दिसतं ते पक्कं. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पुष्कळदा उलटा निघतो.

मी बांधकामातला माणूस. चौतीस वर्षं मोजमापाची पुस्तकं भरण्यात गेली. शाळा व्यवस्थापन समितीने 'जरा बघून सांगा' म्हणून मला नेलं. गावातला निवृत्त इंजिनिअर म्हणजे फुकटचा इंजिनिअर, त्यामुळे बोलावणं अपेक्षितच होतं.

या कचेरीचे दोन भाग आहेत. पुढचा चिरेबंदी, म्हणजे जांभ्या दगडाचा, दीड फूट जाडीच्या भिंतींचा, वर मंगलोरी कौलांचं चौपाखी छप्पर. मागचा दुमजली, स्लॅबचा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, खाती वाढली, टेबलं वाढली, तेव्हा कधीतरी तो जोडला. गावाच्या मनात मागचा भाग पक्का आणि पुढचा जुनाट. शाळा आधी मागच्या भागात सुरू करू, पुढच्याचं सवडीने बघू, असाही विचार पुढे आला होता.

मी हातोडी घेऊन आधी मागेच गेलो. वरच्या मजल्यावरच्या बीमवर हलके ठोके मारत निघालो. घट्ट काँक्रीट हातोडीला टणक जबाब देतं. चौथ्या ठोक्याला आवाज बसला, तडकलेल्या मडक्यासारखा बद्द झाला. पाचव्याला बशीएवढा तुकडा खाली आला. आत सळई होती, म्हणजे बेकरीतली खारी होती. बोट लावलं तरी पापुद्रे सुटत होते. मुख्याध्यापिका बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ऑफिस हलवायच्या आदल्याच वर्षी इथे रंगकाम झालं होतं ना?" झालं होतं. म्हणूनच तर इतके दिवस काही दिसलं नव्हतं.

हे कसं होतं ते थोडं सांगायला हवं, कारण या एका गोष्टीवर सगळा निर्णय फिरतो. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे काँक्रीटच्या आतल्या लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून असतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड झिरपत झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर फुटतो आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो. तडे नेमके सळईच्या रेषेत जातात ते यामुळे. वाऱ्याने आणलेलं मीठ कमी पडलं म्हणून की काय, त्या काळी आपल्याकडे खाडीची रेती सर्रास वापरली गेली, पुष्कळदा न धुता. म्हणजे मीठ जन्मापासूनच पोटात.

बांधणाऱ्याने चोरी केली असंही मी म्हणणार नाही. १९७८ च्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, आरसीसीला एम १५ प्रतीचं काँक्रीट (आकडा मोठा तितकं मजबूत) चालत असे आणि स्लॅबच्या सळईवर १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरे मानलं जाई. १५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या नखाची रुंदी. २००० साली हे मानक सुधारलं. किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या बांधकामाला आता किमान एम ३० काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर आवरण लागतं. नियम पाळून बांधलेली इमारतही चाळीस वर्षांत खारी होऊ शकते, ती अशी. आपल्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात उठलेल्या कचेऱ्या, बँका, वसाहती, टेलिफोनची एक्स्चेंजं एकाच वयाची आणि एकाच दुखण्याची भावंडं असणार, असा माझा दाट संशय आहे.

संशय म्हणजे निकाल नव्हे. माझ्या हातोडीवर कुणी इमारत पाडू नये, तशी कुणी ती वापरातही आणू नये. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी आणि दोन-चार ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून दाबाखाली फोडून बघणं, एवढं झालं की खरं काय ते कागदावर येतं. राज्यातल्या महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तालुक्याच्या गावात मात्र 'अजून उभी आहे' हेच ऑडिट समजलं जातं.

वजनाचाही प्रश्न आहे. ऑफिसच्या खोलीला दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भार धरतात, वर्गखोलीला तीनशे आणि शाळेच्या व्हरांड्याला चारशे. फरक मामुली वाटतो. पण मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला व्हरांड्याचा आकडा सगळ्यात मोठा का, हे विचारावं लागत नाही. शिवाय या मजल्यावर दप्तरखाना होता. चाळीस वर्षांच्या फायली एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या. त्या गेल्या, पण त्यांनी वाकवलेला स्लॅब तसाच वाकलेला आहे. गोटी ठेवली की खोलीच्या मध्यावर जाते.

आता पुढचा भाग, ज्याला गावाने मढी ठरवलं. तिथे मी आमच्या आळीतल्या सुतारांना घेऊन गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस. शिडी लावून आढ्यापर्यंत चढले, पटाशी काढली आणि एकेका वाशाला टोचत गेले. पटाशी रुतली तर लाकूड गेलं, नाही रुतली तर आहे. इतकी सोपी चाचणी. वासे ऐन आणि किंजळीचे. कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, ठणठणीत. दोन वासे वाळवीने पोखरलेले आणि सात-आठ वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं कुजलेली, कारण तिथली कौलं फुटली होती आणि बदलली कुणी नव्हती. खाली उतरून बिडी पेटवत म्हणाले, "सायबानु, ह्यां लाकूड तुमच्या-माझ्या मागसून पन ऱ्हवतला. पानी तेवढा बंद करा."

या सगळ्या लेखाचा ऐवज त्या शेवटच्या चार शब्दांत आहे खरं तर. चिऱ्याच्या इमारतीचा शत्रू एकच, पाणी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. पण कायमचा भिजत राहिला की पुन्हा ढिला पडतो. आमच्या कचेरीच्या भिंती भिजतात त्या म्हातारपणामुळे नव्हेत, आपण केलेल्या सुधारणांमुळे. कधीकाळी कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चुन्याची भिंत श्वास घेते, आत गेलेली ओल पुन्हा बाहेर टाकते. सिमेंटचा गिलावा तिचं नाक दाबतो. मग अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, ते जुन्या जमिनीच्या वर. जोतं तेवढं खाली गेलं आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडायला लागलं. आत दोन फूट उंचीपर्यंत ओल चढलेली दिसते ती या दोन कामांची. दोन्ही कामं 'सुशोभीकरण' या नावाखाली झालेली.

दुरुस्ती साधी आहे, चमकदार नाही. सिमेंटचा गिलावा खरवडायचा, सांधे चुन्याने भरायचे, भिंतीलगतचे ब्लॉक उखडून गटार काढायचं, कौलं उतरवून रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या, चांगली कौलं धुऊन परत चढवायची. इथली काही कौलं उलटी करून बघितली तर पाठीवर पुसट ठसे आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि मग गलबतांतून ही कौलं किनाऱ्याने सगळीकडे गेली, त्या परंपरेतली. अजून पाण्याचा थेंब आत घेत नाहीत. अंधाऱ्या खोलीत मध्येमध्ये काचेची कौलं घातली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात हे होतंच.

वादळाचं काय, असं विचारणारे आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं गेली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. कौलं उडतात, हे खरंच. पण चारी बाजूंनी उतार असलेलं चौपाखी छप्पर वाऱ्याला दुपाखी छपरापेक्षा कमी जागा देतं. कडेच्या ओळींची कौलं तारेने बांधली, कैच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या, तर ते पुष्कळ सोसतं. आणि उडालं कौल तर ते एकेकटं उडतं. अख्खा पत्रा उडून शंभर फुटांवर कुणाच्या तरी मानेवर येत नाही.

पत्र्यावरून आठवलं. वादळांनंतर कितीतरी शाळांवर कौलांच्या जागी पत्रे आले. तातडीची सोय म्हणून ठीक. पण जुलै महिन्यात अशा शाळेत एकदा बसून बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सर आली की बाई बोलायच्या थांबतात, खडू घेऊन फळ्यावर लिहायला लागतात आणि मुलं मुकाट उतरवून घेतात. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचताच येत नाही, त्याने काय उतरवायचं? अक्षर शिकण्याआधी ते ऐकावं लागतं. कौलाखाली तोच पाऊस बोलण्याच्या खालच्या पट्टीत पडतो. हा मुद्दा कुठल्याही अंदाजपत्रकात मी कधी पाहिला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मी जुन्याचा भक्त आहे. नाही. पुढच्या भागाचा एक दोष असा आहे की तो झाकता येत नाही. स्लॅबच्या सांगाड्यात मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या असतात, त्या काढून दोन केबिनचा एक वर्ग करता येतो. चिऱ्याच्या इमारतीत प्रत्येक भिंत छप्पर पेलते. तिला हात लावला तर वरचं खाली येईल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना पक्का आठवे. दगडी भिंतीत मोठी भोकं पाडून ती तशीच सोडणं हा या पट्ट्यात शहाणपणा नव्हे.

म्हणजे खोल्या आहेत तशाच घ्यायच्या. तशा घेतल्या तर किती वर्ग बसतात? समितीच्या ठरावात लिहिलंय, 'नऊ खोल्या उपलब्ध'. मी टेप लावली. कारकुनांचा मोठा हॉल चाळीस बाय वीसचा, हलका पडदा घातला तर दोन वर्ग. साहेबांची खोली बरी, एक वर्ग. कोर्ट भरायचं ती खोली, एक वर्ग. झाले चार. उरलेल्यांत दहा बाय बाराच्या तीन केबिना, एक जुना खजिना आणि एक कच्च्या कैदेची कोठडी. खजिन्याला खिडकीच नाही आणि कोठडीला आहे ती हात पोचणार नाही अशी. 'तिथे बालवाडी भरेल' असं एका सदस्याने खरोखरच सुचवलं होतं. कोठडीत क्रिकेटच्या बॅटी ठेवाव्यात, फार तर. शिक्षणहक्क कायदा प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली मागतो. आपल्याला सात हव्यात, पुढच्या भागात चार मिळतात. तीन नव्याने बांधाव्या लागतील, मागच्या भागाच्या जागेवर, तो चाचणीत नापास झाला तर. हे आधी कबूल केलं तर पुढचा गोंधळ वाचतो.

कचेरी आणि शाळा यांत खरा फरक भिंतींत नसून मापांत आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत शाळा एका गटात आणि कार्यालयं दुसऱ्या गटात टाकली आहेत, ते उगाच नाही. कचेरी मोठ्या माणसांसाठी, आणि खरं सांगायचं तर माणसांना थोपवण्यासाठी बांधलेली असते. खिडक्यांचे कट्टे साडेतीन-चार फुटांवर, म्हणजे फायली भिजू नयेत आणि बाहेरच्याने आत डोकावू नये. मी साहेबांच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलो. मला खिडकीतून फक्त आंब्याचा शेंडा दिसला. पहिलीतल्या मुलाला तोही दिसणार नाही. कट्टा खाली घेणं चिऱ्याच्या भिंतीत सहज जमतं, कारण खिडकीच्या खालचा भाग वरचं वजन पेलत नाही. तेवढं तरी करावं.

जोतं तीन फुटांचं आहे. एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर छत्तीस फूट लांब लागेल आणि मध्ये विसावा. दारासमोर ठोकून दिलेला आठ फुटांचा घसरगुंडीवजा रॅम्प अनेक शाळांत दिसतो. त्यावरून व्हीलचेअर चढवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. स्वच्छतागृहं मुलामुलींची वेगळी, नळ मुलांच्या उंचीला, विहिरीला जाळी, स्वयंपाकाची खोली वर्गांपासून लांब. यात वाद घालण्यासारखं काही नाही, फक्त करण्यासारखं आहे.

जिन्याबद्दल मात्र वाद घालावा लागेल. मागच्या भागाचा जिना साडेतीन फुटांचा आहे आणि एकच आहे. संहिता शाळेला किमान दीड मीटर रुंद जिना सांगते. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या इमारतीला आग लागली आणि ९४ मुलं गेली. एकाच इमारतीत तीन शाळा, खाली चूल, वर गवती छप्पर आणि उतरायला अरुंद वाट. त्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली देशातल्या सगळ्या शाळांना बांधकाम संहितेतले सुरक्षेचे नियम पाळायला सांगितलं. त्यामुळे 'वरच्या मजल्यावर फक्त सातवीच बसवू' या तडजोडीला माझा साफ नकार आहे. सातवीची मुलंही पळताना जिन्यातच अडकतात.

कामाच्या वेळची एक गोष्ट. मागे सायकल स्टँडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे. ते हातोड्याने फोडून ट्रॅक्टरमध्ये भरायचे नसतात. ओले करून, अखंड उतरवायचे असतात, कारण त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तसंच दारा-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या सात-आठ थरांत काय आहे कोण जाणे. कोरड्या पॉलिशपेपरने ते घासताना शेजारच्या खोलीत वर्ग चालू ठेवणं म्हणजे मुलांना शिसं चाटवणं. काम संपेपर्यंत मुलं आत नकोत, आणि 'अर्धं झालंय तर अर्ध्यात बसवू' हेही नको.

पाडा म्हणणाऱ्यांची सगळ्यात जोरकस बाजू मला ठाऊक आहे, कारण तिची उदाहरणं रक्ताळलेली आहेत. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सरकारी शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली. जुन्या इमारतीत मुलं बसवायचा आग्रह धरणाऱ्याने हे विसरून चालत नाही, आणि मी विसरलेलो नाही. पण तिथून शिकायचं काय? जुनं म्हणून पाडा, की तपासल्याशिवाय मुलं बसवू नका? पहिलं शिकलो तर आपण चांगला चिरेबंदी भाग पाडू आणि खारी झालेल्या स्लॅबखाली 'पक्की इमारत' म्हणून मुलं बसवू. आमच्या सभेत नेमकं हेच ठरत होतं. तपासणीत उद्या पुढचा भागही नापास झाला, पाया खचलेला निघाला, तर तोही पाडावा. मी पहिली कुदळ मारीन. गावात पुराचं पाणी घुसतं त्या पातळीवर कचेरी असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. २२ जुलै २०२१ ला चिपळूण ज्यांनी पाहिलं त्यांना खोलगटातली शाळा कोणत्याही किमतीत नको.

आता थोडं कडू. दुरुस्तीच्या कामाला कुणी वाली नसतो. नवीन इमारतीचं अंदाजपत्रक कंत्राटदाराला तोंडपाठ असतं, इतके घनमीटर काँक्रीट, इतकी सळई. दुरुस्तीत भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे कळत नाही, मोजमाप रोज बदलतं आणि त्या मानाने सुटतं काहीच नाही. नारळ फोडायला आलेल्या पाहुण्याला दाखवायचं काय, बदललेल्या रिपा? चुन्यात काम करणारा गवंडी आणि कैची समजणारा सुतार यांच्यासाठी कंत्राटाच्या कागदात जागाच सापडत नाही. म्हणून शेवटी उरतो रंग. भिंतीवर रेल्वेचा डबा, खिडक्यांना रेल्वेच्या खिडक्यांसारख्या पट्ट्या. मुलांना तो डबा आवडतो आणि मलाही आवडतो. पण गळक्या डब्यात बसून गाडी कुठे जात नाही.

कागदाचं काम त्याहून महत्त्वाचं, आणि तिथे मी समितीला पुनःपुन्हा टोचतो. इमारत महसूल खात्याची, सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन. नुसत्या ताबा पावतीवर शाळा आत गेली तर ती पाहुणी म्हणून राहील. उद्या कौलं फुटली की शाळा म्हणेल इमारत तुमची, महसूल खातं म्हणेल वापर तुमचा. जागा आणि इमारत रीतसर शाळेकडे वर्ग झाल्याशिवाय मोठा निधी तिथे लागणार नाही. आणि निधी मिळून काम झालं तरी पुढे काय? समग्र शिक्षा अभियानात तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पंचवीस हजार रुपये, त्याच्या वर अडीचशेपर्यंत पन्नास हजार. त्यात खडू, वीजबिल, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती सगळं आलं. दर मे महिन्यात कौलं परतायची, पन्हाळी साफ करायच्या, वाळवीचं औषध मारायचं, हे त्यात बसवायचं तर आधीच आकडा लिहून ठेवायला हवा. आपल्या घराची शाकारणी आपण कुणाच्या मंजुरीची वाट बघत ठेवत नाही.

आणखी एक भीती मला आहे, आणि ती इमारतीची नाही. २०२३ साली राज्यात समूह शाळांची कल्पना पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ हे नमुने. राज्यात तेव्हा अशा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या आणि कोकणात वाडीवाडीला त्या आहेत, कारण निम्मं गाव मुंबईला. तालुक्याच्या गावी मोठी कचेरी मोकळी झाली की वरच्या कुणाच्या तरी डोक्यात येणारच, आसपासच्या पाच वाड्यांच्या शाळा इथे आणू, गाडी लावू. नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. हे किलोमीटर नकाशावर मोजलं जातं. जुलैत वहाळ भरला आणि साकव पाण्याखाली गेला की त्या एका किलोमीटरचे सहा होतात आणि गाडी त्या सहालाही येत नाही. कचेरीची शाळा व्हावी ती या गावच्या समाजमंदिरात बसलेल्या मुलांसाठी. वाडीवरच्या शाळेला कुलूप लावायचं निमित्त म्हणून व्हायची असेल तर तिथे खुशाल मुद्रांकवाले बसवा.

इमारतीत एक सुख असं आहे की त्यासाठी मी थोडा हावरट झालोय. पुढच्या छपराचं आडवं क्षेत्रफळ तीनशे चौरस मीटरच्या आसपास आहे. त्यावर तीन मीटर पाऊस म्हणजे नऊ लाख लिटर पाणी. आजवर ते सगळं पागोळ्यांतून अंगणात आणि अंगणातून भिंतीत गेलं. यातलं एक लाख लिटर जरी पन्हाळीतून टाकीत साठवलं तरी एप्रिलात, विहिरीचा तळ दिसायला लागतो तेव्हा, शाळेच्या स्वच्छतागृहांना पाणी राहील. टँकरची वाट बघत मुली घरी जातात, त्या जाणार नाहीत. ज्या पाण्याने भिंत खाल्ली तेच पाणी.

कामाला दोन उघाड लागतील. पहिल्या दिवाळीनंतर चाचण्या आणि छप्पर, दुसऱ्या दिवाळीनंतर भिंती, जमीन, स्वच्छतागृहं आणि मागच्या भागाचा निकाल. तोवर मुलं समाजमंदिरात. हे ऐकून सभेत कुरकुर झाली, ती होणारच. दोन वर्षं थांबलेल्या पालकांना आणखी दोन वर्षं सांगणं सोपं नाही. माझी नात त्याच शाळेत दुसरीत आहे, तेव्हा कुरकुर घरीही झाली.

अंदाजपत्रक मी करून दिलंय. पहिली बाब, मागच्या भागाच्या चाचण्या. दुसरी, कौलं उतरवून वासे-रिपा तपासणे. रंग एकतिसाव्या क्रमांकावर आहे. परवा समितीतले एक जण घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, बाकी सगळं तुमचंच राहू दे, रंग तेवढा पहिल्या पाचात घेता येईल काय? साहेब जानेवारीत भेट द्यायचे आहेत." मी त्यांना विचारलं, साहेब उंच आहेत का? ते गोंधळले. म्हटलं, उंच असतील तर त्यांना शिडीवर चढवून वासे दाखवू.

सुतारांनी ऐनाची लाकडं बघून ठेवली आहेत. पाऊस संपल्यावर तोडलेलं लाकूड वाळायला वेळ लागतो, म्हणून ते दर आठ दिवसांनी विचारायला येतात.